राजीनाम्याचा गूळ

सावित्री : टाळ्या वाजवल्या हो त्यांनी. पोरांनी, मास्तरांनी, सगळ्यांनी. घंटा देणारा शिपाई, त्यानं हातातला हातोडा खाली ठेवला आणि त्यानंही वाजवल्या.

प्रमोदिनी : आधी बैस तू. इथं बैस, ही पायरी कोरडी आहे. कुणासाठी टाळ्या?

सावित्री : माझ्यासाठी. मी राजीनामा दिला म्हणून.

प्रमोदिनी : अच्छा, झाला राजीनामा? मग बरं झालं गं. सुटलीस.

सावित्री : सुटले?

प्रमोदिनी : तू सुटलीस आणि मीही सुटले. आठवडाभर आमचा रमाकांत पाटावर बसला की हरभऱ्याशिवाय दुसरं बोलत नव्हता. पाठचा भाऊ म्हणून ऐकून घेतलं, नाहीतर ताटावरून उठले असते मी. आज जेवेल नीट.

सावित्री : ताई, तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं मला. दर गुरुवारी या महालक्ष्मीच्या पायरीवर बसतो आपण. बबीन्याच्या छावणीत, ह्यांच्या क्वार्टरमध्ये नुसती बसून होते मी, तर तुम्हीच झाशीत खोली बघून दिलीत, रमाकांतजींना सांगून त्यांच्या शाळेत लावून दिलीत. आणि आता सुटलीस म्हणता.

प्रमोदिनी : मग काय म्हणू? हळदीकुंकू करू?

सावित्री : करा की. आमच्या ह्यांनीही तेच केलं. बूथवरून बबीन्याला फोन लावला, म्हटलं राजीनामा दिला. तर म्हणाले, उत्तम झालं, शनिवारी टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव. सुभेदार माणूस. का दिलास, कुणी काय बोललं का, एक अक्षर विचारलं नाही. सगळ्यांना आनंदच झालाय. मी एकटीच वेडी, बसमध्ये तोंडाला पदर लावून आले.

प्रमोदिनी : थांब, थांब. सामान कशाला बांधायचं?

सावित्री : मग इथं राहून काय करू?

प्रमोदिनी : काय करू म्हणजे? शाळेत जायचं. उद्या शुक्रवार, शाळा नाही का?

सावित्री : राजीनामा दिल्यावर कुठल्या तोंडानं जाऊ?

प्रमोदिनी : अगं, राजीनामा झाल्यावरच तर ताठ मानेनं जायचं असतं.

सावित्री : तुमच्या झाशीची रीतच मला समजत नाही ताई. इंटर कॉलेज म्हणून शिकवायला गेले, तर सहावीची पोरं निघाली. माझा मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार आज, आणि शेजारच्या बायका म्हणतात, अगहन, म्हणजे आपला मार्गशीर्षच, तर कधीच लागला, तुम्ही कुठं होता? आता म्हणे राजीनामा दिलेल्या बाईनं ताठ मानेनं जायचं.

प्रमोदिनी : माझंच डोकं चालेनासं झालंय. पहिल्यापासून सांग बघू. मला रमाकांतची बाजू तेवढी ठाऊक, आणि त्याची बाजू म्हणजे तो मराठीत सुरू करतो, हिंदीत चिडतो आणि बुंदेलीत संपवतो. शेवटचं मला सांगण्यासारखं नसतं.

सावित्री : सांगते. आधी पदराची ही गाठ सोडू द्या, सगळा पदर चिकट झालाय.

प्रमोदिनी : काय आहे त्यात?

सावित्री : गूळ. तुमच्या भावानं दिला. टाळ्या थांबायच्या आत परात घेऊन आले. पहिला खडा मला, मग पोरांना. माझीच नोकरी गेली, आणि तिचा गूळ मलाच. उपास आहे म्हटलं, तर म्हणाले, गुळाला कसला उपास, बहनजी. तोंडात घालवेना आणि टाकवेना. बांधून आणला. पण देवीपुढे कसा ठेवू हा? कुणाच्या आनंदाचा म्हणून ठेवू?

प्रमोदिनी : ठेव तसाच इथं, फुलांच्या पुडीच्या कागदावर. बोल.

सावित्री : शुक्रवारचा शेवटचा तास मंडळांचा असतो. रमाकांतजींचं कृषी मंडळ आणि माझं भावी शिक्षक मंडळ. त्यांच्याकडे खुरपी, बियाणं आणि शाळेमागचा जमिनीचा तुकडा. माझ्याकडे खडू. पोरंही तशीच वाटली गेली. मुलगे तिकडे, मुली इकडे. एकटी पार्वती दोन्हीकडे.

प्रमोदिनी : ती आल्याची शेती करणाऱ्यांची मुलगी?

सावित्री : तीच. वर्षभर तोंडातून शब्द नाही तिच्या. हजेरी घेताना जी बहनजी म्हणायचं, तर नुसती बांगडी हलवायची. आवाज आला की मी समजायचे, आहे. माझ्या मंडळातल्या मुली शेजारच्या प्राथमिक शाळेत जाऊन लहान मुलांना शिकवून बघतात. मागच्या शुक्रवारी तिची पाळी. म्हटलं, घाबरू नको, सोपा धडा घे. झाडाचे भाग घे. मूळ, खोड, पान. आणि पुस्तकातलं चित्र दाखवत बसू नको, खरं झाड मुलाच्या हातात दे. हे मी म्हटलं ताई. माझे शब्द.

प्रमोदिनी : हं. आता कळायला लागलं.

सावित्री : तिनं पहिलीचा अख्खा वर्ग रांगेनं आमच्या शाळेमागं नेला आणि एकेका मुलाच्या हातात एकेक झाड दिलं. मुळासकट.

प्रमोदिनी : रमाकांतचा हरभरा.

सावित्री : जिल्ह्याच्या प्रदर्शनात न्यायचा हरभरा. निम्म्या ओळींना ते जिवाणूंचं पाकीट येतं ना, ते बियाण्याला चोळून पेरलेलं. निम्म्यांना नाही. दोन्हींतला फरक लोकांना दाखवायचा होता. आता कसला फरक? मुलांनी मुळं बघितली आणि पाला खाऊन टाकला.

प्रमोदिनी : मला हसू येतंय गं, रागावू नकोस. हरभऱ्याचा कोवळा पाला म्हणजे... मीसुद्धा खाल्ला असता.

सावित्री : हसा तुम्ही. पण धडा असा झाला म्हणून सांगू. मी भिंतीशी उभी होते. पार्वती बोलत होती ताई, चांगली खणखणीत. मुळावर बारीक गाठी असतात त्या दाखवून म्हणाली, देखो, ये पोटली है, चना अपना खाना खुद बाँध के लाता है और आधा खेत को दे जाता है. मी कुठं शिकवलं होतं तिला हे? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पलीकडून रमाकांतजी आले.

प्रमोदिनी : आणि मग बुंदेली.

सावित्री : ते मला समजलं नाही, देवीची कृपा. मग प्रिन्सिपलसाहेबांपुढे दोघंही उभे. साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, अगले शुक्रवार से पहले आप दोनों राजीनामा कर लीजिए, नहीं तो दोनों मंडल बंद.

प्रमोदिनी : बरोबर बोलले. दुसरं काय बोलणार?

सावित्री : बरोबर? एका धड्यापायी नोकरी मागायची? तीही दोघांची? मी रमाकांतजींकडे बघितलं. ते आपले मान हलवताहेत, जी सर, हो जाएगा. म्हटलं, ह्यांचं वरपर्यंत कुणी ओळखीचं असणार, म्हणून एवढे निवांत. मी काही बोलले नाही. माझा नेम आहे.

प्रमोदिनी : गुरुवारचा?

सावित्री : तो वेगळा. हा रोजचा. कुणाला उलट उत्तर द्यायचं नाही. चातुर्मासात धरला होता, नंतर सोडवेना.

प्रमोदिनी : अगं, विचारणं म्हणजे उलट उत्तर नव्हे.

सावित्री : विचारताना माझा आवाज चढतो. माझं मला माहीत आहे. म्हणून गप्प बसले आणि आठवडाभर विचार केला. शब्द माझे, मंडळ माझं, मग दोघांनी कशाला जायचं? मी एकटी गेले तर पोरांची मंडळं तरी राहतील. आज प्रार्थना झाल्यावर पुढे झाले आणि म्हटलं, मैं राजीनामा देती हूँ, मंडल बंद मत कीजिए. आणि टाळ्या. साहेब म्हणाले, शाबाश, बहनजी ने रास्ता दिखाया. एकटी पार्वती तेवढी वाजवत नव्हती. मान खाली घालून उभी. तेवढ्यानंच मला जरा धीर आला. म्हटलं, एका तरी पोरीला आपल्या जाण्याचं वाईट वाटलं.

प्रमोदिनी : सावित्री, एक सांग. तुमच्या साताऱ्याकडे नोकरी सोडण्याला काय म्हणतात?

सावित्री : राजीनामा म्हणतात. दुसरं काय म्हणणार?

प्रमोदिनी : अगं बाई.

सावित्री : का? तुम्ही काय म्हणता?

प्रमोदिनी : इस्तीफा. आमच्या घरात मराठी बोलतानाही इस्तीफाच म्हणतात. आमच्या बाबांनी नगरपालिका सोडली तेव्हा आईनं सगळ्या आळीत सांगितलं होतं, ह्यांनी इस्तीफा दिला.

सावित्री : मग इथं राजीनामा कशाला म्हणतात?

प्रमोदिनी : मी कचेरीत वकीलसाहेबांकडे दिवसभर काय टाइप करते? राजीनामेच. एका भावानं दुसऱ्याचा बांध रेटला, हाणामारी झाली, पोलिसांत गेले. मग चार शहाणे बसतात, दोघांना राजी करतात. राजी झाल्याचा कागद तो राजीनामा. परवाच एका म्हशीवरून केला. दोघांनी अंगठे उठवले आणि एकाच मोटरसायकलवर बसून मऊरानीपूरला गेले.

सावित्री : म्हणजे साहेबांनी...

प्रमोदिनी : समेट करा म्हणून सांगितलं. बस, एवढंच.

सावित्री : समेट.

प्रमोदिनी : आणि तू भरल्या शाळेपुढे उभी राहून म्हणालीस, मी समेट करते, मंडळं बंद करू नका. टाळ्या वाजवतील नाहीतर काय करतील?

सावित्री : पण मी देती हूँ म्हटलं. करती हूँ नाही म्हटलं.

प्रमोदिनी : तुझी हिंदी इथं सगळे दुरुस्त करूनच ऐकतात. सवय झालीय त्यांना.

सावित्री : म्हणजे माझी नोकरी आहे?

प्रमोदिनी : जाईल कुठं?

सावित्री : अगं आई गं. आणि ह्यांचा टेम्पो? ह्यांना काय सांगू आता, राजीनामा परत घेतला म्हणून?

प्रमोदिनी : घेतला म्हण. त्याचा अर्थ सुभेदार त्यांना कळेल तसा घेतील. बरं, आता मला सांग, ठरलं काय?

सावित्री : कशात?

प्रमोदिनी : राजीनाम्यात. समेट म्हणजे नुसत्या टाळ्या नव्हेत. याही बाजूनं काही सोडतात, त्याही बाजूनं काही सोडतात. मी रोज तेच तर टाइप करते. तू काय सोडलंस?

सावित्री : मी? नोकरी सोडली.

प्रमोदिनी : ती नव्हे गं. ती सोडलीच नाहीस तू. हरभऱ्याच्या बदल्यात काय सोडलंस?

सावित्री : मला काय ठाऊक?

प्रमोदिनी : म्हणजे कशाला हो म्हणालीस तेही ठाऊक नाही. चल, तो बघ आलाच रमाकांत, मला न्यायला. त्यालाच विचारू.

(तळ्याकडच्या रस्त्यावर स्कूटर थांबते. रमाकांत चपला काढून पायऱ्या चढतो.)

रमाकांत : ताई, चलायचं? अरे, बहनजी पण आहेत. हे काय, गूळ खाल्ला नाही? पायरीवर ठेवला? चांगला गूळ आहे, मी स्वतः जाऊन आणला.

प्रमोदिनी : रमाकांत, राजीनामा म्हणजे काय रे?

रमाकांत : राजीनामा म्हणजे राजीनामा. सुलह. आज झाला ना, शाळेत.

प्रमोदिनी : मराठीत?

रमाकांत : मराठीत पण तेच असणार. नाही?

प्रमोदिनी : मराठीत राजीनामा म्हणजे इस्तीफा.

रमाकांत : इस्तीफा? मग बहनजींनी... सगळ्यांच्या समोर...

प्रमोदिनी : हो.

रमाकांत : आणि मी गूळ वाटला.

सावित्री : पहिला खडा मला दिलात.

रमाकांत : सबसे बडा खडा दिला. बहनजी, हात जोडतो. माझ्याशी मराठी फक्त आजी बोलायची, आणि आजी राजीनामा कशाला बोलेल? ती तर सांगायची, भात घे, भाजी घे. मला तेवढीच येते.

प्रमोदिनी : बरं, ते राहू दे. ठरलं काय तुमचं, ते सांग.

रमाकांत : तेच ठरलं जो मी परवा बसमध्ये बहनजींना बोललो. दोन गोष्टी. पहिली, त्यांची मुली उद्यापासून शेतात येणार, माझ्या मुलांबरोबर नवा हरभरा पेरणार. देर झाला आहे, पण अजून पेरू शकतो.

सावित्री : येतील की. हे तर बरोबरच आहे.

रमाकांत : दुसरी, पार्वती आता फक्त कृषी मंडळात. शिक्षक मंडळातून तिचा नाव काटला.

सावित्री : काय म्हणालात?

रमाकांत : एका मुलीला एकच मंडळ. ती इकडची.

सावित्री : रमाकांतजी, चेष्टा करू नका.

रमाकांत : चेष्टा तर केलीच पाहिजे, बहनजी. मी पूर्ण चेष्टा करतो आहे.

प्रमोदिनी : तिच्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, बाबा. तुझ्या हिंदीत प्रयत्न. तुम्ही दोघं हळूहळू बोला, मी मध्ये बसते.

सावित्री : पार्वतीचं नाव काढायला मी कधी हो म्हटलं?

रमाकांत : बसमध्ये. मी दोन बार विचारला, मंजूर आहे? तुम्ही मान हलवली. दोन्ही बार हलवली.

सावित्री : मी जप करत होते.

रमाकांत : हं?

सावित्री : शाळेत जाताना बसमध्ये माझा जप असतो. डोळे मिटून. तुम्ही बोलताय एवढं कळत होतं, काय ते ऐकलं नाही.

रमाकांत : पण मान तर हलली.

सावित्री : बस हलते, रमाकांतजी. रस्त्याला खड्डे आहेत.

प्रमोदिनी : धन्य आहे. माझ्या वकीलसाहेबांना सांगितलं तर खोटं वाटेल.

सावित्री : पार्वतीला हे माहीत आहे?

रमाकांत : काल सांगितला. मंडळातल्या सगळ्यांना सांगितला, की बहनजी राजी आहेत, कल घोषणा करतील.

सावित्री : म्हणून ती टाळ्या वाजवत नव्हती.

रमाकांत : तिने गूळ पण नाही घेतला. म्हणाली दाढ दुखते.

सावित्री : आणि मला वाटलं, माझ्यासाठी.

प्रमोदिनी : तुझ्यासाठी नसेलच असं नाही गं.

सावित्री : नाही ताई. मी जाणार हे माझ्याशिवाय तिथं कुणाला ठाऊक होतं? तिला एवढंच दिसलं, की बाईंनी पुढे येऊन सगळ्यांच्या देखत आपल्याला देऊन टाकलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रमाकांत : देऊन टाकलं असं का बोलता? मी काय तिला दंड केला? जवळ ठेवली. ताई, तुला काय सांगू, मुलगे येतात, कुदळ टेकून गप्पा मारतात. ही एक मुलगी आहे, जिला माती कळते. तिने पेरला तर एक दाणा वाकडा पडत नाही. प्रदर्शनात माझ्या टेबलावर तीच उभी राहणार होती, लोकांना समजवायला. आणि उपटला कोणी? तिनेच. दुसऱ्या कोणी उपटला असता तर दोन चापट देऊन विसरलो असतो. मला वाईट वाटला, ताई. आपलीच मुलगी.

प्रमोदिनी : हे तू मला घरी नाही सांगितलंस. घरी नुसता हरभरा सांगितलास.

रमाकांत : हे हिंदीत पण सांगता येत नाही.

सावित्री : प्रदर्शनात ती लोकांना समजावून सांगणार होती?

रमाकांत : हो.

सावित्री : वर्षभर तुमच्या शेतात ती किती बोलली?

रमाकांत : बोलली नाही. काम करायची.

सावित्री : मग टेबलापाशी उभी राहून बांगडी हलवणार होती का?

रमाकांत : तेव्हापर्यंत बोलली असती.

सावित्री : ती पहिल्यांदा बोलली ती त्या पहिलीच्या मुलांपुढे. तुमच्या वावरात, तुमचा हरभरा हातात धरून, पण शिकवताना बोलली. तुम्ही ऐकलं नाही तिला, नुसतं उपटलेलं बघितलंत.

रमाकांत : ऐकलं. मी खिडकीच्या मागे होतो. पोटलीवाली बात ऐकली. पहिले वाटलं कोणी मोठी मॅडम आली आहे, तपासणीला. बाहेर येऊन पाहिलं तर पार्वती. आणि मग तिच्या पायाखाली पाहिलं.

प्रमोदिनी : मग आता?

सावित्री : रमाकांतजी, तो राजीनामा मला मंजूर नाही.

प्रमोदिनी : कुठला गं?

सावित्री : दोन्ही.

प्रमोदिनी : आणि तुझा नेम?

सावित्री : आवाज चढला का माझा?

प्रमोदिनी : नाही. मला तर वाकून ऐकावं लागलं.

सावित्री : मग नाही मोडला.

रमाकांत : पण मी साहेबांना काय बोलू? परात रिकामी झाली, बहनजी. सगळ्या शाळेने गूळ खाल्ला.

सावित्री : माझा आहे अजून. पार्वती दोन्हींत राहील, पहिल्यासारखी. माझ्या मुली तुमच्याकडे पेरायला येतील, ते ठरलं ते ठरलं. मीही येते. मला खुरपं धरता येतं, माझं माहेर शेतातलंच आहे.

रमाकांत : आणि ती परत वर्ग घेऊन आली तर? मुलं आहेत, मूळ बघायचा म्हणजे उपटणारच.

सावित्री : उपटणारच. त्याशिवाय मूळ दिसायचं कसं? म्हणून एक ओळ त्यांच्यासाठी पेरा.

रमाकांत : उपटायला?

सावित्री : हो.

रमाकांत : उपटायला कोण पेरतो? ताई, तू ऐकलंस? आमच्या कृषीच्या कोर्समध्ये सगळं होतं. कापायला पेरा, चारायला पेरा, जमिनीत गाडायला पण पेरा. उपटायला नव्हतं.

प्रमोदिनी : एवढे राजीनामे टाइप केले मी, असं कलम मलाही कधी आलं नाही. पण यात कुणाचं काही जात नाही, रमाकांत. हे कलम टिकेल.

रमाकांत : बरं, भिंतीकडची ओळ देतो. तिकडे सावली आहे, तसाही काही येत नाही.

सावित्री : सावलीतली नको. मुळं चांगली यायला हवीत.

रमाकांत : मग दुसरी. पाण्याच्या पाटाजवळची. पण एका ओळीत काय दिसणार? पाकीट चोळलेली एक ओळ, बिना चोळलेली एक ओळ. मुलांच्या एका हातात हा, दुसऱ्या हातात तो. तेव्हा ना गाठींचा फरक कळेल. नाहीतर पोटली पोटली बोलून काय फायदा? दोन ओळी लागतील.

प्रमोदिनी : एकीच्या दोन केल्यास तू. कुणाच्या बाजूनं आहेस?

रमाकांत : मला माहीत नाही, ताई. सकाळपासून मला वाटत होतं की सगळं समजलं आहे.

सावित्री : मलाही नाही समजत सगळं. मंडळ कुणाचं आणि धडा कुणाचा, आता सांगता नाही यायचं.

प्रमोदिनी : साहेबांना सांगा, राजीनाम्यात दुरुस्ती झाली. आमच्याकडे रोज होते. आणि पार्वतीला कोण सांगणार?

रमाकांत : मी सांगतो. काल मीच सांगितला होता.

सावित्री : दोघं मिळून सांगू. तुम्ही तिच्या भाषेत सांगा, मी शेजारी उभी राहते. मला जे म्हणायचं ते माझ्या हिंदीत गेलं तर पोरगी पुन्हा भलतंच धरून बसायची.

रमाकांत : तिला तुमची हिंदी समजते, बहनजी. तीच मुलांना समजवायची, बहनजी काय बोलल्या ते. तुम्हाला नाही माहीत?

सावित्री : नाही.

रमाकांत : हजेरीच्या वेळी नाही बोलायची. पण तुम्ही वर्गातून गेल्या की सगळ्या मुली तिलाच विचारायच्या.

सावित्री : तिलाच? पार्वतीला?

प्रमोदिनी : चला, आरतीची वेळ झाली. सावित्री, ऊठ. आणि हा गूळ? मुंगी फिरतेय बघ कागदावर. आता तरी ठेवतेस का देवीपुढे?

सावित्री : आज नको. पुडी करा त्याची, उद्या शाळेत नेते.

रमाकांत : शाळेत कशाला? तिकडे सगळ्यांनी खाल्ला.

सावित्री : सगळ्यांनी नाही. तिच्या हातावर ठेवून बघते. तिनं खाल्ला, तर पुढच्या गुरुवारी देवीपुढे नवा ठेवीन.